नववं प्रकरण : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली. मुंबईची माणसं काल रात्रीच्या गाडीने गेली. आज पहाटे पाचला उठून मधल्या खोलीतलं टेबल पुसलं आणि ही वही उघडली. कादंबरीची वही वेगळी आहे. या वहीत फक्त कामाची नोंद ठेवायची.

काम काय ते आधी लिहून ठेवते. माझी पणजी वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरावर मजुरीला जायची. डोक्यावरच्या हाऱ्यातून ओलं मीठ बांधावर आणून टाकायचं, हे तिचं काम. मे १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ती तिशीची होती. आईने तिच्या आजीकडून ऐकलेल्या चारपाच गोष्टी एवढंच भांडवल घेऊन मी २०२२ च्या मे महिन्यात ही कादंबरी सुरू केली. आठ प्रकरणं झाली, साधारण एकवीस हजार शब्द. नववं म्हणजे सत्याग्रहाची पहाट. ते सप्टेंबर २०२३ पासून अडलं आहे. चौदा महिने झाले.

या चौदा महिन्यांत मी नवव्या प्रकरणाची पहिली ओळ किती वेळा लिहिली त्याची गणती नाही. दुसरी ओळ क्वचितच आली. सुरुवातीला शाळेचं निमित्त होतं, मग मुलाच्या बारावीचं, मग पावसाचं. यंदाच्या गणपतीत भावाने विचारलं, "पुस्तक कुठपर्यंत आलं?" आणि मी उठून आत गेले. त्या दिवशी कळलं, की हे आता निमित्तापलीकडे गेलं आहे. मला या वहीची भीती वाटते.

म्हणून नियम केले. पहाटे ५ ते ५.४०, रोज. खोडायचं नाही. शेवटी शब्द मोजून इथे टिपायचे. मग पेज, मग शाळा.

आज: ६८ शब्द.

५ नोव्हेंबर
११२.

६ नोव्हेंबर
४०. सगळे समुद्राच्या वर्णनाचे. समुद्राला या प्रकरणात काही काम नाही.

७ नोव्हेंबर
शून्य. चाळीस मिनिटं बसून होते मात्र.

११ नोव्हेंबर

टिपणं काढून बसले. तीन वह्या आणि एक फाइल भरली आहे. १८८२ चा मिठाचा कायदा. मणाला सव्वा रुपया कर. गोव्याचं स्वस्त मीठ इकडे येऊ नये म्हणून इंग्रजांनी १८७८ मध्ये पोर्तुगीजांशी केलेला तह. ६ एप्रिल १९३० ला दांडी, आणि मे महिन्यात आमचं शिरोडं. कुठून कोण आले, लाठ्या कशा पडल्या, सगळं तारीखवार लिहून ठेवलं आहे.

वाचताना जाणवलं, की अडले की मी आणखी माहिती गोळा करते. मग त्या दिवशी काम झाल्यासारखं वाटतं. सप्टेंबर २०२३ नंतर दोन वह्या भरल्या आणि प्रकरण जिथल्या तिथे आहे. पणजीने त्या पहाटे काय खाल्लं हे एकाही वहीत नाही.

शब्द: ९०. नियम मोडून नंतर खोडले.

१४ नोव्हेंबर

आई पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी सकाळी उठून काय करते हे तिला ठाऊक आहे. न विचारता म्हणाली, "आटलंस गो तू." मला ते लागलं. मग म्हणाली, "म्हस आटता ती काय रोगान? गाभण आसता म्हणान आटता. मगे तिका दोन म्हयने कोण पिळीत नाय."

तिने ते दिलासा म्हणून सांगितलं आणि मी तो दिलासा दिवसभर बाळगला. पण चौदा महिने कोणतीही म्हैस आटून राहत नाही हेही तिलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शून्य.

१७ नोव्हेंबर

रविवार. पुण्याची मैत्रीण मानसशास्त्र शिकवते, तिच्याशी तासभर बोलले. 'रायटर्स ब्लॉक' हा शब्द १९४७ मध्ये एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने रूढ केला. व्हिएन्नाहून न्यू यॉर्कला गेलेला माणूस. त्याने याचं मूळ लेखकाच्या तान्हेपणात शोधलं. ते मला पटलं नाही. माझं तान्हेपण आठ प्रकरणं लिहितानाही तेच होतं.

दुसरी गोष्ट उपयोगाची वाटली. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात लिहिताना अडणाऱ्या प्राध्यापकांवर प्रयोग केला. काहींना सांगितलं, सुचेल तेव्हाच लिहा. काहींना ठरल्या वेळी लिहायलाच लावलं, मन असो वा नसो. लिहायला लावलेल्यांची पानं जास्त भरली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. सुचण्याची वाट बघणाऱ्यांना कमी सुचलं.

म्हणजे पहाटेची चाळीस मिनिटं सोडायची नाहीत. आज १३१ शब्द, सगळे कोरडे. पण न खोडता तसेच ठेवले.

२८ नोव्हेंबर

काल आमच्या देवळाची जत्रा. त्रिपुरी पौर्णिमेनंतर आता गावोगावी जत्रा आणि जत्रेत धयकालो, म्हणजे रात्रभराचं दशावतारी नाटक. बरीच वर्षं मी अकराच्या सुमाराला ओटी भरून, खाजं घेऊन घरी परतायची. काल राहिले.

शेजारचे तात्या बरोबर होते. पस्तीस वर्षं दशावतारी कंपन्यांतून स्त्रीपार्ट केला त्यांनी. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून प्रेक्षकांत बसतात. बसतात म्हणजे सतत वळवळतात. त्यांनी मला आधी देवळामागच्या रंगपटात नेलं. ट्रंका उघडलेल्या, जो तो आरशापुढे आपलं तोंड आपणच रंगवत होता. मालक मधे उभे राहून आख्यान सांगत होते: अमुक राजा, तमुक राणी, हा मुलगा वनात जाईल, तो राक्षस इथून येईल, युद्ध एवढं लांबवायचं. सात-आठ मिनिटं. संपलं. कुणाच्या हातात कागद नाही. यानंतर पहाटेपर्यंत जे बोललं जाणार होतं त्यातला एक शब्दही लिहिलेला नव्हता.

हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण काल रात्री, अडलेलं प्रकरण पोटात घेऊन, मी पहिल्यांदा ते पाहिलं.

आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी. मग मोरावरची सरस्वती. मग काळ्या कपड्यांतला, लांब जीभ लोंबणारा संकासुर. त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळवलेले असतात. देव, राजे, राण्या संस्कृत शब्दांनी जड झालेल्या मराठीत बोलतात, ती ऐकायला मला फार आवडते. संकासुर मात्र मालवणीत बोलतो. तो आला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांशी, बायकांशी, सरपंचांशी बोलायला लागला, तशी अख्खी जत्रा पुढे सरकली. शाली गुंडाळून पेंगणाऱ्या म्हाताऱ्या जाग्या झाल्या.

पुढे आख्यानात एक जागा आली. राणी रंगमंचावरच्या एकुलत्या एका बाकावर बसलेली. राजाने तिला विचारलं, "मी नसताना या प्रासादात कोण आले होते?" राणीचा पार्ट करणारा नट तरुण होता. मला स्पष्ट दिसलं, की त्याला सुचलं नाही. अडला. पायपेटीवाल्याने सूर धरून ठेवला, पखवाज थांबला. दोन श्वास गेले असतील. मग तो उठला, बाकाला वळसा घातला आणि म्हणाला, "आपण हे विचारण्यापूर्वी मला एक सांगा, आपण इतके दिवस कुठे होतात?" आणि तिथून दहा मिनिटांचा असा काही संवाद झाला, की माझ्या अंगावर काटा आला.

दहीकाला फुटला तेव्हा उजाडलं होतं. ५ ते ५.४० मी देवळाच्या पायरीवर होते. शब्द शून्य, पण आजचा दिवस मी रिकामा धरत नाही.

१ डिसेंबर

तात्यांना तो क्षण विचारला. ते म्हणाले, "त्येका सुचूक नाय ह्यां माका पन कळला. पन समोरच्यान इचारल्यान मगे बोलाक व्हयाच. गप रवलंस तर लोक उठान जातले. आमका खंय नाटक पाठ आसता?"

"पण सुचलं कसं?"

"राजाक सुचला म्हणान राणीक सुचला. एकट्या माणसाक काय सुचतला?"

एकट्या माणसाला काय सुचणार. मी चौदा महिने एका खोलीत एकटी बसून पणजीला बोलवत आहे आणि तिला कोणी काही विचारलेलंच नाही.

त्यांना म्हटलं, तुम्ही मला प्रश्न विचाराल का? मी पणजी होते, तुम्ही सत्याग्रहाला आलेले स्वयंसेवक व्हा. तात्यांचा चेहरा असा उजळला, की मला भरून आलं. गुडघे गेल्यापासून त्यांना कुणी पार्ट दिलेला नव्हता.

४ डिसेंबर

पहिला प्रयोग, संध्याकाळी आमच्या पडवीत. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. मी तात्यांना मालकांसारखं आख्यान सांगितलं: पहाट आहे, मिठागरावर चार तरुण आलेत, मीठ उचलून न्यायला त्यांच्याकडे काही नाही, पणजीच्या डोक्यावर रिकामा हारा आहे. तिने तो दिला, तर मुकादम तिला कामावरून काढणार. माझ्या जुन्या खर्ड्यात ती हारा पुढे करते आणि म्हणते, "घ्या बंधूंनो, हा हारा आता माझा नाही, देशाचा आहे."

तात्या स्वयंसेवक झाले. आवाज बदलला, पाठ ताठ झाली. शुद्ध मराठीत म्हणाले, "माई, आपला हा हारा आम्हांस क्षणभर द्याल का?"

मी माझ्या खर्ड्यातलं वाक्य बोलले. लिहिलेलं होतं, म्हणून बोलले.

तात्या पुन्हा तात्या झाले. "ही कोण बोलता? ही तुजी पणजी न्हय. ही शाळेतली मास्तरीण."

रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर बराच वेळ फक्त रातकिडे आहेत.

८ डिसेंबर

हे लिहिणं मला जड जातंय, पण याच्याशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी पहिली आठ प्रकरणं एका प्रकाशनसंस्थेला वाचायला पाठवली होती. उत्तर सभ्य होतं. विषय महत्त्वाचा, तपशील चांगला, मात्र संवादांतली बोली फार दाट आहे, सर्वसामान्य वाचकाला कळणार नाही, प्रमाण भाषेच्या जवळ आणल्यास विचार करता येईल. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला छापून यायचं होतं. पंधरा दिवसांत आठही प्रकरणांतले संवाद मी प्रमाण मराठीत केले. मग नववं लिहायला बसले. तो सप्टेंबर २०२३.

तारखा एकमेकींशेजारी आज पहिल्यांदा लिहिल्या. इतके दिवस या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला दिसलं नव्हतं. मी पणजीची जीभ काढून घेतली आणि मग ती बोलत का नाही म्हणून वर्षभर तिच्यासमोर बसून राहिले.

आणि हे मी फक्त तिच्या बाबतीत केलेलं नाही. बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. मुलांनी निबंधात 'माका' लिहिलं, 'खंय' लिहिलं, की लाल पेनाने गोल. परीक्षेत प्रमाण भाषा लागते, ती शिकवणं माझं काम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण 'माझी आजी' या निबंधात पोरगा आजीचं बोलणं आजीच्याच शब्दांत लिहितो तेव्हा तिथे चूक कसली? तिथेही मी गोल केले आहेत. ते पोर पुढच्या वेळी 'माझी आजी मला खूप आवडते, ती मला गोष्टी सांगते' लिहून मोकळं होतं. दहा वाक्यं, पैकीच्या पैकी गुण, आजी गायब.

प्रकाशनसंस्थेला दोष देत नाही. त्यांना त्यांचा वाचक माहीत असेल. लाल पेन माझ्या हातात आधीपासून होतं.

शब्द मोजले नाहीत.

९ डिसेंबर

पाचवीच्या वह्या तपासल्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'आजी म्हणाली, बाये, दर्यार जाव नको.' गोल केला नाही. समासात बरोबरची खूण केली.

१५ डिसेंबर

दुसरा प्रयोग. यावेळी आईलाही बसवलं. तिने पणजीला पाहिलेलं आहे, आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत. तिला विचारलं, ती बोलायची कशी? आई म्हणाली, ती फार बोलायची नाही. वस्तूंवर जीव. तांब्या जागेवर नसला, तर घर डोक्यावर घ्यायची.

तात्यांनी विचारलं, "माई, आपला हा हारा आम्हांस क्षणभर द्याल का?"

मी डोळे मिटले. डोक्यावर चुंबळ आहे असं मानलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मला माहीत नव्हतं.

"हारो देतंय. पन तिनसांजेक परत व्हयो. माजो एकच आसा."

तात्या गप्प. आई सुपारी कातरायची थांबली. मग तात्या, स्वयंसेवकच राहून, थोडे अडखळत म्हणाले, "माई, संध्याकाळी आम्ही बहुधा तुरुंगात असू."

"मगे हारो खंय आसतलो?"

याचं उत्तर तात्यांना सुचेना. पस्तीस वर्षं बाकावर बसून राजांना उत्तरं दिलेला माणूस, त्याला सुचेना. आणि तिथेच मला पुढची तीन प्रकरणं दिसली. लाठीमार होतो, पोरांना धरून नेतात, मीठ चिखलात जातं, आणि पणजी दुसऱ्या दिवशी आपला हारा शोधत निघते. आधी बांधावर, मग मुकादमाकडे, मग पोलिसांच्या चौकीवर. तिला कायदेभंग हा शब्द ठाऊक नाही. तिला हारा पाहिजे. तो मागता मागता ती कुठवर जाते ते मला बघायचं आहे.

रात्री झोपच आली नाही. ११.३० ला उठून लिहायला बसले. १,१४० शब्द. हा आकडा लिहिताना हात थरथरतो आहे.

१६ ते ३० डिसेंबर

रोज लिहिलं. कमीत कमी २१०, जास्तीत जास्त ७६०. नवव्या प्रकरणाचा कच्चा खर्डा २९ तारखेला पूर्ण. पहिल्या आठ प्रकरणांचे जुने संवाद परत आणायला सुरुवात केली. जुनी फाइल जपून ठेवली होती. कशासाठी ठेवली असेन, मनात कुठेतरी ठाऊक असणार.

एक व्यावहारिक गोष्ट टिपून ठेवते. लिहून थांबताना मी आता एक प्रश्न लिहून थांबते. 'मुकादम काय म्हणतो?' एवढाच. दुसऱ्या दिवशी पहाटे कोरं पान समोर येत नाही, कुणीतरी काहीतरी विचारून ठेवलेलं असतं.

९ जानेवारी २०२५

आई अंगणात घसरली. खुब्याचं हाड. ऑपरेशनसाठी गोव्याला नेलं.

२ फेब्रुवारी
आई घरी आली. वॉकर. रात्री दोनदा उठावं लागतं.

१९ फेब्रुवारी

महिना-दीड महिना शून्य. पण ही शून्यं नोव्हेंबरच्या शून्यांसारखी नाहीत. तेव्हा वेळ होता आणि शब्द नव्हते. आता शब्द आहेत, मी नाही. याला अडणं म्हणू नये. घरात माणूस आजारी असताना लिहून झालं नाही म्हणून स्वतःला कोसायचं, ही सवय मी सोडते आहे. वही बंद न करता उघडी ठेवली आहे एवढंच.

१२ मार्च

उद्या होळी. आई वॉकर सोडून काठीवर आली. पहाटे पुन्हा बसले. भीती वाटली तशीच, पोटात गोळा येणारी. वाटलं, पुन्हा गेलं. जुनी नोंद उघडली तर ३० डिसेंबरला मी लिहून ठेवलेला प्रश्न होता: 'चौकीवर तिला बसायला कोण सांगतं?'

कुणीच सांगत नाही. ती उभीच राहते.

१६० शब्द.

२० मार्च ते ५ एप्रिल

काजूच्या बिया, परीक्षा, पेपर तपासणी. १०० ते २०० च्या मधे रोज. काही विशेष नाही. विशेष नसताना १०० शब्द होतात हेच मला नवं आहे.

१३ एप्रिल

एका मिठागरावर गेले, शिरोड्याच्या बाजूला. पूर्वीही दोनदा गेले होते, पण तेव्हा वही घेऊन. आज एका जुन्या कामगाराबरोबर नुसती बांधावरून फिरले.

भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात. तिथून एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दर वेळी पाणी उथळ, दर वेळी थोडं दाट. समुद्राचं पाणी घनता मोजायच्या काचेच्या नळीवर तीन डिग्रीच्या आसपास असतं. पंचविसावर मीठ धरायला लागतं. पृष्ठभागावर आधी पातळ साय येते, मग कण तळाला बसतात. ते फावड्याने ओढतात. उरलेलं पाणी फार दाट होऊ दिलं, की मीठ कडू होतं, म्हणून ते वेळेत सोडून द्यावं लागतं.

मी विचारलं, मीठ धरायला लागल्यावर भरतीचं ताजं पाणी सोडलं तर? तो माझ्याकडे बघतच राहिला. "मगे धरलेला पन इरघळतला."

माझ्या तीन वह्या आणि एक फाइल आठवली. ओळ जरा जमायला लागली, की मी आणखी एक पुस्तक मागवायची, आणखी एका माणसाला भेटायची. परत आल्यावर ती टिपणं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. कादंबरी पूर्ण होईपर्यंत काढणार नाही. तारखा चुकल्या तर शेवटी दुरुस्त करता येतील.

आणखी एक. त्याचे पाय. मिठाच्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहून तळव्यांना पडलेल्या भेगा. पणजी चौकीवर उभी आहे, दुपार आहे, आणि फरशी थंड आहे. तिच्या भेगांना ती थंड फरशी किती बरी वाटली असेल. ती तिथून लवकर हलत नाही याचं कारण मला आज मिळालं. शिपायाला वाटतं बाई हट्टी आहे.

घरी येईपर्यंत वाक्य डोक्यात धरून ठेवलं. ५९० शब्द.

२ मे

दहावं पूर्ण. अकरावं सुरू.

तात्यांना नववं वाचून दाखवलं. स्वयंसेवकाचं बोलणं ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाले, राजाचा भाषण राजासारखाच ठेवलंस, बरा केलंस. मला या शाबासकीचा फार आनंद झाला. स्वयंसेवक आपल्या पुस्तकी मराठीत बोलतो, पणजी आपल्या भाषेत, दोघांना एकमेकांचं अर्धं कळतं. मालवणी ठेवायची म्हणजे सगळ्यांच्याच तोंडी घालायची, असं नाही. दशावतारात ते शेकडो वर्षं चालत आलेलं आहे, मला ते समजायला एवढा काळ लागला.

वाचकाला कळेल का, ही काळजी गेलेली नाही. पुण्याच्या मैत्रिणीला नववं पाठवलं. तिचं बालपण विदर्भातलं, मालवणीचा गंध नाही. तिने कळवलं, तीन शब्द अडले: चुंबळ, तिनसांज, व्हयो. तिसरा वाक्यावरून कळला. दोन शब्दांसाठी मी पणजीला गप्प केलं होतं.

११ मे

अकराव्याच्या मध्यावर एक आठवडा रेंगाळले. रोज ८०-९० शब्द. घाबरले नाही. तात्यांना बोलावलं, त्यांना मुकादम केलं, भांडले. रेकॉर्डिंगमध्ये मी इतकी ओरडले आहे, की समोरच्या घरातली काकी काय झालं म्हणून विचारायला आली. मग ती पण बसली. तिचा बाप मुकादम होता. तिने तात्यांना दोन ठिकाणी थांबवलं, "मुकादम असो नाय बोलाचो. तो हळू बोलाचो. हळू बोलल्यार लोक जास्ती भियेत." ते दोन्ही बदल केले.

२१ मे

काल रात्रीपासून पाऊस. मे महिन्याची अजून दहा दिवसांची उन्हं धरून सगळ्यांनी कामं ठेवली होती. आमसुलं अर्धी वाळलेली, लाकडं उघडी, पडवीपुढचा झापांचा आडोसा बांधायचा राहिलेला. शाळेला सुट्टी आहे म्हणून निभावलं. मिठागरावर काय झालं असेल, बांधावरचे ढीग झाकायला झापं वेळेत मिळाली असतील का, हे सारखं मनात येत होतं.

वीज नाही. कंदील लावून हाताने लिहिलं. किती शब्द ते मोजले नाहीत, साडेतीन पानं.

२५ मे

मोबाइलला जरा रेंज आली तेव्हा बातमी वाचली, मोसमी पाऊस आज महाराष्ट्रात पोचला, देवगडपर्यंत. नेहमी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आज दिवसभर पागोळ्यांची धार तुटली नाही.

कादंबरीत पण पाऊस आणला. बाराव्या प्रकरणाचा आराखडा मी वेगळा केला होता. त्यात पणजी निकाल लागेपर्यंत वाट बघते. पण बाहेर असा पाऊस पडत असताना मला तिला वाट बघत बसवता येईना. पाऊस आला, की मिठागराचं काम संपलं, मजुरी संपली, हाऱ्याची गरजही संपली. आता ती तो मागायला जाते ती कशासाठी? हे तिला विचारायला हवं.

संध्याकाळी तात्या घोंगडी घेऊन भिजत आले. पडवीत काठी टेकली, आईने त्यांना चहा दिला. मी आत लिहीत होते, कंदिलाची वात वर करून. बाहेरून त्यांनी विचारलं, "गो बाय, हारो गावलो?"

"नाय तात्यानू, अजून नाय."

"मगे सोद."

दोन पानं. बारावं चालू.